हौशी माउंटन बाइक शर्यत: टायर का फाटतो, हँगर का तुटतो आणि शेवटच्या लॅपला का पडायला होतं

प्रश्न: क्रॉस-कंट्री माउंटन बाइकच्या हौशी गटात या हंगामात तीन शर्यतींत उतरलो, एकही धड पूर्ण झाली नाही. पहिल्यात मागचा टायर फाटला. दुसऱ्यात चढावर हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा) तुटला आणि डिरेलर (गिअर बदलणारा मागचा भाग) चाकाच्या आऱ्यांत गेला. तिसऱ्यात शेवटच्या लॅपच्या उतारावर पडलो. त्याला बारा दिवस झाले; खांदा बरा आहे, पण अंगठ्याच्या बुडाशी मनगट अजून दुखतं. त्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नव्हतं. वजन ७० किलो, हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल), २९ इंची चाकं, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर. पुढची शर्यत सहा आठवड्यांवर आहे. नशीब वाईट की माझंच काही चुकतंय?

उत्तर: सायकलचं नंतर बोलू, आधी मनगट. अंगठा वर ताणून धरला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन शिरांच्या मध्ये एक खळगा दिसतो. त्या खळग्यात बोटाने दाबल्यावर दुखत असेल, किंवा अंगठा मनगटाच्या दिशेने सरळ आत दाबल्यावर कळ येत असेल, तर स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडल्याची शंका घ्यायलाच हवी. हात ताठ पुढे टाकून पडल्यावर मोडणारं हे नेहमीचं हाड. त्याची भेग पहिल्या दिवसाच्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही. साधारण १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला की दिसू लागते, आणि तरीही शंका राहिली तर एमआरआय किंवा सीटी करतात. म्हणजे तुमची दुसऱ्या एक्स-रेची वेळ अगदी आत्ता आहे. या हाडाचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने येतो, त्यामुळे मध्ये भेग पडली की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो. तो वेळेत स्थिर केला नाही तर हाड जुळतच नाही आणि काही वर्षांनी मनगटाचा सांधा झिजतो. हाडांच्या डॉक्टरांकडे जा, ‘अंगठ्याच्या खळग्यात दुखतं’ हे शब्द वापरून सांगा, आणि तोवर अंगठ्यासकट मनगट पट्टीत ठेवा. सायकल चालवू नका. हाड मोडलेलं निघालं तर प्लास्टर दोन-तीन महिन्यांपर्यंत लांबू शकतं, तेव्हा सहा आठवड्यांनंतरची शर्यत डोक्यातून काढून टाका. नसेल मोडलं, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आता नशिबाचं. तुमच्या तिन्ही प्रसंगांत नशिबाचा वाटा असेल, पण थोडा. हौशी शर्यतीत जे बिघडतं त्यातलं बरंचसं शर्यतीच्या आदल्या आठवड्यातच ठरलेलं असतं. उरलेलं नुकसान बिघाडानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात, घाईघाईत होतं.

टायरपासून सुरुवात करू. फाटलेला टायर टाकून दिला नसेल तर हातात घ्या आणि चीर नेमकी कुठे आहे ते पाहा, कारण जागेवरून कारण कळतं. चीर बीडच्या, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या कडेच्या, जवळ असेल आणि रिमच्या काठावर त्याच जागी ओरखडा किंवा पोचा असेल, तर दगडाची धार आणि रिम यांच्यामध्ये टायर चिरडला गेलाय. हवा कमी होती किंवा मागचं चाक दगडावर आदळलं. चीर साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, मधोमध, लांबट आणि तिरकी असेल, तर टायर दगडाला कडेने घासलाय; इथे हवा दोषी नाही, पातळ कापडाचा टायर किंवा चुकलेली लाइन (मार्गावर निवडलेली वाट) दोषी आहे. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात भोक असेल तर काटा किंवा अणकुचीदार दगड, आणि बहुतेक वेळा झिजलेली नक्षी.

मागचाच टायर जास्त का जातो? उतारावर खडक दिसला की आपण पुढचं चाक नीट उचलून ठेवतो. मागचं चाक मात्र अंगाच्या पूर्ण वजनासकट त्यावर आपटतं, त्यातही खोगिरावर बसून राहिलेल्या माणसाचं. पाय किंचित वाकवून, खोगिरावरून उठून, पुढचं चाक गेल्यावर कंबर सैल सोडायची ही सवय लावली तर एखाद-दुसरा पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) वाढवण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

हवा किती? ७० किलो, २.२५ ते २.३५ इंची टायर आणि आतून २८ ते ३० मिलिमीटर रुंद रिम धरून पुढे २० ते २१ आणि मागे २२ ते २४ पीएसआय इथून सुरुवात करा. खडकाळ मार्गावर मागे एक-दोन वाढवा, ओल्या मुळांच्या मार्गावर पुढचा एक कमी करा. ट्यूब घालून चालवत असाल तर हे आकडे चालणार नाहीत, मागे ३० च्या आसपास लागतील. रिमवर आणि टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. पंपावरच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. दोन पंप एकाच टायरला तीन पीएसआयच्या फरकाने मोजतात आणि या पातळीवर तीन पीएसआय म्हणजे वेगळाच टायर. स्वतःचा एक डिजिटल गेज ठेवा आणि कायम तोच वापरा. गारठ्यात सकाळी भरलेली हवा आणि उन्हात तापलेला टायर यांतही फरक पडतो: १० अंश तापमान चढलं की या दाबाला साधारण सव्वा पीएसआय वाढतो. म्हणून शेवटची मोजणी स्टार्ट लाइनला जाण्याआधी, सावलीत.

सीलंट (टायरमधली भोकं बुजवणारं पातळ रसायन) बहुतेकांचं आटलेलं असतं. २९ इंची टायरला ९० ते १२० मिलिलिटर लागतं आणि ते हवामानानुसार दोन ते सहा महिन्यांत सुकतं. कोरड्या उष्ण हवेत लवकर. चाक कानाजवळ धरून हलवा, खळखळ ऐकू आली नाही तर व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हचा आतला भाग) काढून सिरिंजने ६० मिलिलिटर भरा. नवीन टायर शर्यतीच्या आदल्या रात्री बसवू नका. सूक्ष्म छिद्रं भरायला सीलंटला एक-दोन राइड लागतात.

टायरच्या वजनाबद्दल माझं मत ठाम आहे. हौशी गटात सर्वांत हलक्या, कागदासारख्या साइडवॉलचा टायर मागच्या चाकाला घालू नये. त्याच टायरच्या मजबूत साइडवॉलच्या आवृत्तीचं वजन शे-दीडशे ग्रॅम जास्त असतं. चढावर त्याने काही सेकंद जातात, टायर फाटला तर शर्यत जाते. पुढे हलका चालेल, मागे नाही. आत फोमचा इन्सर्ट (टायरच्या आत बसणारी पट्टी) घालायचा असेल तर जरूर घाला, पण मग घरी एकदा तो काढून ट्यूब घालून बघा. इन्सर्ट असलेला घट्ट टायर चिखलात, थकलेल्या हातांनी उघडणं वेगळंच प्रकरण आहे.

शर्यतीत टायर फुसफुसला तर काय करायचं, हे हातांना झोपेतही यायला हवं. लाइनवरून बाजूला व्हा. भोक सापडलं की चाक फिरवून भोक खाली आणा आणि दहा-पंधरा सेकंद तसंच धरा. सीलंट तिथे साचतं आणि छोटं भोक बंद होतं. थांबत नसेल तर लगेच प्लग (भोकात सुईने खुपसायची चिकट पट्टी), आणि हवा पूर्ण जायच्या आत. टायरमध्ये थोडी हवा असताना सुई सरळ आत शिरते. टायर पूर्ण बसला की रबर आत दबतं आणि सुई घुसतच नाही. प्लगची दोन्ही शेपटं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकाच आत ढकला, सुई झटक्यात ओढा, शेपटं कापत बसू नका. भोक पुन्हा खाली, चाक दोन-चार वेळा फिरवा. चार-पाच मिलिमीटरपर्यंतची चीर एका प्लगने, त्याहून थोडी मोठी दोन प्लग शेजारी-शेजारी घालून भागते.

नंतर सीओटू, म्हणजे छोट्या काडतुसातला कार्बन डायऑक्साइड वायू. १६ ग्रॅमचं काडतूस २९ इंची टायरला साधारण २० ते २५ पीएसआयपर्यंत नेतं, एवढं पुरतं. हवा भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा. तो खाली असेल तर साचलेल्या सीलंटमध्ये बर्फासारखा गार वायू घुसतो आणि काही लॅटेक्स सीलंटच्या तिथेच गुठळ्या होतात. काडतूस हातमोज्यात धरा, उघड्या बोटांना चिकटतं. सीओटू रबरातून हवेपेक्षा फार लवकर निसटतो, त्यामुळे त्या संध्याकाळी टायर मऊ लागला तर प्लग गेला असं समजू नका. सगळा वायू सोडून साध्या पंपाने भरा.

प्लग धरला नाही तर ट्यूब. इथे दोन ठिकाणी माणसं अडतात. ट्यूबलेस व्हॉल्व्हचं नट पान्याने आवळलेलं असतं, त्यावर सीलंट वाळून दगड झालेलं असतं, आणि मार्गावर ते सुटत नाही. नट बोटांनीच आवळायचं आणि महिन्यातून एकदा सोडवून पाहायचं. दुसरं: ट्यूबलेस टायर आतून काट्यांनी भरलेला असू शकतो. सीलंटने ते काटे जागच्या जागी बंद केलेले असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. नवी ट्यूब घातली की पहिल्या शंभर मीटरमध्ये पंक्चर. टायरच्या आतून बोटांची टोकं हळू फिरवून प्रत्येक काटा काढा, मगच ट्यूब. साइडवॉलची चीर मोठी असेल तर जुन्या टायरच्या साइडवॉलचा पाच बाय पाच सेंटिमीटरचा तुकडा आतून लावा, नाहीतर ट्यूब चिरेतून फुग्यासारखी बाहेर येऊन फुटते.

टेक झोन (शर्यतीत दुरुस्तीसाठी नेमलेली जागा) जवळ असेल आणि तिथे तुमचं जादा चाक ठेवलेलं असेल, तर टायर थोडा मऊ असताना तसंच सावकाश रेटत तिथपर्यंत जाणं पुष्कळदा फायद्याचं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉकचा टायर शर्यतीच्या मध्यावर गेला, चाक बदलताना त्याने अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गमावला आणि तरी सुवर्णपदक जिंकलं. भरपाई पुढच्या काही लॅपमध्ये मिळून केली, एका झटक्यात नव्हे. हौशी शर्यतीत लोक नेमकं उलटं करतात: चाळीस सेकंद गेले म्हणून पुढचा उतार जिवावर उदार होऊन मारतात आणि पंक्चरवर पडण्याची भर घालतात.

आता हँगर. डिरेलर फ्रेमला जिथे लटकतो तो हा छोटा तुकडा मुद्दामच मऊ अॅल्युमिनिअमचा करतात, म्हणजे धक्का बसला तर फ्रेमऐवजी तो वाकेल. त्यामुळे तो वाकणं बिघाड नाही, त्याचं ते कामच आहे. बिघाड होतो तो वाकलेला हँगर तसाच ठेवल्यामुळे. तुम्ही लिहिलंय की चढावर तुटला. नेहमीचा क्रम असा: आधी कधीतरी सायकल उजव्या कुशीवर पडते, गाडीत भरताना डिरेलरवर दुसरी सायकल टेकते, हँगर आत वाकतो. सपाटीवर गिअर चालतात, थोडी खरखर येते, केबल फिरवून माणूस ती गप्प करतो. मग शर्यतीत तीव्र चढ येतो, तुम्ही सर्वांत मोठ्या चाकतीवर चेन टाकता, आत झुकलेला डिरेलरचा पिंजरा आऱ्यांना लागतो आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात सगळं मोडतं. डिरेलरवरचा ‘एल’ स्क्रू (डिरेलर आत किती जाईल ती मर्यादा ठरवणारा) हे थांबवत नाही का? थांबवतो, पण हँगर सरळ असेल तेव्हाच.

तपासायचं सोपं आहे. सायकलच्या मागे उकिडवे बसा आणि पाहा: डिरेलरची दोन्ही छोटी चाकं एकाखाली एक, कॅसेटच्या (मागच्या चाकावरचा दातेरी चाकत्यांचा गठ्ठा) चाकतीच्या रेषेत उभी दिसली पाहिजेत. खालचं चाक आऱ्यांकडे झुकलेलं दिसलं की हँगर वाकलाय. मेकॅनिककडे हँगर सरळ करायचा गेज असतो, पाच मिनिटांचं काम. एकदा सरळ केलेला चालतो, वारंवार वाकवून सरळ केलेला मात्र धातू थकल्याने पटकन तुटतो, तेव्हा बदलून टाका. शर्यतीत उजव्या कुशीवर पडलात तर पुन्हा बसण्याआधी ही एक नजर टाकायचीच, आणि शंका असेल तर शेवटपर्यंत वरच्या दोन मोठ्या चाकत्या वापरायच्या नाहीत. चढ थोडा पायी जाईल, एवढंच.

दुसरं कारण काटक्या. पानगळीच्या किंवा वादळानंतरच्या मार्गावर काटकी उडून डिरेलरमध्ये अडकते. पायाला अचानक अडथळा जाणवला की पेडल तिथल्या तिथे थांबवायचं. हँगर काटकीमुळे सहसा तुटत नाही, तो अडथळ्यावर दिलेल्या पुढच्या जोरामुळे तुटतो. शर्यतीच्या भरात पाय आपोआप जोर लावतात, म्हणून सरावात मुद्दाम ही सवय लावा.

जादा हँगर जवळ ठेवा. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, ऐनवेळी कुणाकडून मिळत नाही. स्राम या सुट्या भागांच्या कंपनीने २०१९ मध्ये आणलेला यूडीएच (सार्वत्रिक हँगर) नमुना आता बऱ्याच नव्या फ्रेमना बसतो, तुमच्या फ्रेमला तोच असेल तर शोधणं सोपं. वजन नगण्य. त्याच्या बोल्टसकट खोगिराखाली टेपने बांधून टाका. तो नसेल आणि तुटलाच, तर हार्डटेलवर सिंगलस्पीड करता येतं: डिरेलर काढा, चेन तोडून चेनरिंगच्या (पेडलजवळची पुढची चाकती) सरळ रेषेत येणाऱ्या मधल्या एका चाकतीवर घट्ट बसेल इतकी छोटी करा, क्विक लिंकने (हाताने जोडता येणारी चेनची कडी) जोडा. रेष जरा तिरकी असेल तर चेन जोर लावताना शेजारच्या मोठ्या चाकतीवर चढते, ताणून बसते आणि तुटते, म्हणून उभं राहून पेडल मारू नका. फुल सस्पेन्शनवर हा उपाय फारसा चालत नाही, कारण सस्पेन्शन दबलं की चेनला लागणारी लांबी बदलते. फिनिश दोन किलोमीटरच्या आत असेल तर चेन काढून खिशात घालावी, उतारावर बसावं, बाकी पळावं.

चेनचं थोडक्यात. ११ आणि १२ स्पीडची चेन गेजवर ०.५ टक्के झिजली की बदला. क्विक लिंक तुमच्या चेनच्या स्पीडचीच हवी, १२ ला ११ ची बसत नाही. चेन तुटते ती बहुधा पूर्ण जोरात गिअर बदलताना, म्हणून चढ लागण्याआधी गिअर टाका आणि बदलताना अर्ध्या फेऱ्यापुरता जोर सैल सोडा. तुटलीच तर वाकलेली कडी काढून क्विक लिंक घाला, ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक दाबून पेडलवर जोर द्या. टक् असा आवाज येऊन बसते. दोन कड्या गेल्या असतील तर चेन आखूड झालीय हे विसरू नका, सर्वांत मोठ्या चाकतीवर टाकलीत तर डिरेलर उपटला जाईल.

पडण्याकडे येतो. शेवटच्या लॅपला, उतारावर. तीन लॅप तोच उतार नीट उतरलेला माणूस चौथ्या लॅपला पडतो तेव्हा उतार बदललेला नसतो, तोच बदललेला असतो. चढाच्या माथ्यावर हृदयाचे ठोके कमाल असतात, नजर पुढच्या चाकापाशी घुटमळते, पंजे आखडलेले असतात, आणि त्याच क्षणी सिंगलट्रॅकचं (एका सायकलपुरती अरुंद वाट) तोंड येतं. माथ्याच्या आधीच्या आठ-दहा सेकंदांत जोर थोडा कमी करा, दोन खोल श्वास सोडा, बोटं एकदा उघडझाप करा, नजर दहा-पंधरा मीटर पुढे टाका, आणि मगच उतारात शिरा. यात दोन-तीन सेकंद जातात, उतारावर तेवढे परत मिळतात.

पंजे लवकर थकण्याचं कारण बहुधा ब्रेक लिव्हरची जागा. लिव्हर ग्रिपला खेटून असला की तर्जनी त्याच्या मधोमध पडते, तरफेचा फायदा मिळत नाही, मग दोन बोटं वापरावी लागतात आणि ग्रिपवर पकड कमी राहते. लिव्हर आत सरकवा, तर्जनीचं पहिलं पेर त्याच्या टोकाच्या वळणावर बसेल इतका. एका बोटाने ब्रेक, बाकीच्यांनी पकड. क्लॅम्प अगदी कच्चून आवळू नका. पडल्यावर लिव्हर हँडलबारवर फिरला तर वाचतो, घट्ट असला तर मोडतो.

पडण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय उलटे आहेत. हँडलबारवरून पुढे फेकला गेलात तर वजन पुढे असताना पुढचं चाक खड्ड्यात किंवा दगडाला अडलंय, किंवा उशिरा घाबरून पुढचा ब्रेक दाबलाय. उपाय: ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना खोगीर खाली करता येणारा खांब) असेल तर खाली, टाचा खाली, छाती खाली, आणि ब्रेक अडथळ्याच्या आधी मारून अडथळ्यावर चाक मोकळं. पुढचं चाक कडेला निसटून आडवे झालात तर भुसभुशीत वळणात ब्रेक दाबून धरलाय, किंवा घाबरून वजन मागे नेल्याने पुढच्या चाकावर भारच राहिला नाही. तिथे उपाय वजन पुढे आणण्याचा आहे. ‘उतारावर मागे बसा’ हा सरसकट सल्ला म्हणूनच पहिल्या प्रकारात वाचवतो आणि दुसऱ्यात पाडतो.

पडताना हात ताठ पुढे टाकू नका, त्यातूनच मनगट आणि कॉलरबोन जातं. बार शक्य तितका वेळ धरून ठेवा, हनुवटी छातीला, कोपर वाकवून खांद्यावरून लोळा. गवतावर, सायकलशिवाय, याचा सराव करता येतो.

मार्ग आधी पाहण्यासाठी वेळ राखून ठेवा. अवघड जागी सायकलवरून उतरून खालून वर पाहा, वरून न दिसलेला दगड खालून दिसतो. मुख्य लाइन आणि वळसा घालणारी सोपी लाइन दोन्हींची घड्याळ लावून तुलना करा; पुष्कळदा फरक दोन-तीन सेकंदांचाच निघतो, मग थकलेल्या लॅपसाठी सोपी लाइन आधीच ठरवून टाका. आणि शर्यतीच्या सकाळी मार्ग बदललाय का हे विचारा. टोकियो ऑलिंपिकच्या शर्यतीत, २०२१ च्या जुलैमध्ये, डच सायकलपटू मातिये वान डर पूल पहिल्याच लॅपमध्ये एका ड्रॉपवर (एकदम खाली उतरणारी उंच पायरी) जोरात पडला. सरावाच्या वेळी तिथे उतरती फळी होती, शर्यतीच्या वेळी ती काढलेली होती, आणि ती असेल असं तो धरून चालला होता. इतक्या वरच्या पातळीवर हे होतं, तर आपण सकाळी एक फेरी मारायला कंटाळू नये.

स्टार्टचे अपघात वेगळे. रुंद रस्ता सिंगलट्रॅकमध्ये अरुंद होतो तिथे सगळे एकाच वेळी घुसतात. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक आणू नका. चाकं घासली की मागचाच पडतो. हौशी गटात तिसऱ्या-चौथ्या रांगेतून सुरू करणाऱ्याने पहिल्या मिनिटात दहा जागा मिळवण्यासाठी जीव टाकू नये. ओव्हरटेक करताना आधी बाजू ओरडा, उत्तर येऊ द्या, मग जा. पंधरा-वीस मिनिटं अंग तापवून या, शेवटी दोन-तीन छोटे जोराचे फटके मारून.

उरलेल्या गोष्टी नट-बोल्टच्या आहेत. डावा क्रँक (पेडलचा दांडा) सैल होऊन शर्यतीत निघून येणं मुळीच दुर्मीळ नाही. शिमानोच्या क्रँकचे दोन चिमटे-बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटर, दोन्ही आळीपाळीने. स्टेमचे (हँडलबार धरणारा भाग) बोल्ट साधारण ५ ते ६, पण स्टेमवर छापलेला आकडा शेवटचा. क्लीटचे (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) बोल्ट ५ ते ६. यातला एक निघाला तर क्लीट बुटाखाली नुसता फिरतो आणि पाय पेडलमधून सुटतच नाही, थांबताना माणूस उभ्याचा आडवा होतो. हँडलबारच्या दोन्ही टोकांना बुचं असलीच पाहिजेत. उघडं टोक पोटात घुसलं तर गोल कापून आत जातं. ब्रेक पॅडवरचा माल अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदला, पण चिखलाच्या शर्यतीआधी एक मिलिमीटरलाच बदला. ओल्या वाळूत रेझिन पॅड एका शर्यतीत संपू शकतात. नवे पॅड घातले तर सावकाश वीसेक वेळा आणि मग जोरात दहाएक वेळा वेग कमी करून ते बसवून घ्या, पूर्ण न थांबता. चेनचं तेल रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) उडू देऊ नका. आणि ब्रेकमध्ये डॉट तेल आहे की मिनरल हे झाकणावर वाचूनच भरा. चुकीचं भरलं तर आतली सीलं फुगतात आणि ब्रेक जातो.

खाणं: दीड तासाच्या शर्यतीला ताशी ६० ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट आणि ४०० ते ८०० मिलिलिटर पाणी, हवेनुसार. पहिला घोट पहिल्या लॅपलाच. भूक लागल्यावर खाल्लेलं शेवटच्या उतारापर्यंत कामाला येत नाही, आणि तुमच्या शेवटच्या लॅपच्या पडण्यात याचाही वाटा असू शकतो.

अंगावर किंवा फ्रेमवर बाळगा: चेन टूल असलेला मल्टीटूल, दोन क्विक लिंक, प्लगची सुई आणि चार-पाच प्लग, १६ ग्रॅमची दोन काडतुसं आणि नळी, एक हलकी ट्यूब, दोन टायर लिव्हर, साइडवॉलचा तुकडा, हँगर. प्लगची सुई पिशवीच्या तळाशी नको, हाताला पहिली लागेल अशी. हे सगळं घरी एकदा घड्याळ लावून वापरून बघा.

पडल्यावर उठायची घाई नको. आधी मान, मग हातापायांची बोटं, मग डोकं. मान दुखत असेल किंवा हातापायांत मुंग्या असतील तर हलायचं नाही, मार्शल येईपर्यंत पडून राहायचं. डोक्याला मार असेल तर स्वतःला किंवा पडलेल्याला विचारा: कुठला लॅप, कुठली शर्यत, पडण्याआधी काय होतं. उत्तर अडखळलं, चक्कर, धूसर दिसणं, मळमळ, यातलं काहीही असलं तर शर्यत तिथेच संपली. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पुन्हा बसायचं नाही. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी किंवा झटका आला तर थेट रुग्णालय. बार पोटात लागला असेल तर वरून नुसता गोल वळ दिसतो, पण आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असू शकतं. पोट दुखणं वाढत गेलं किंवा मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाला दुखू लागलं तर एक तासही थांबू नका. खरचटलेली जागा स्वच्छ वाहत्या पाण्याने, माती निघेपर्यंत धुवा, आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

तुमची सायकल त्या पडण्यानंतर तपासली नसेल तर मनगट बरं होईपर्यंत ते काम उरकून घ्या. हेल्मेट आपटलं असेल तर बदला. आतला फोम एकदा दबला की परत फुलत नाही आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हँडलबार कार्बनचा असेल तर ग्रिप आणि लिव्हर काढून, क्लॅम्पच्या कडांपाशी बोट फिरवून चीर शोधा. शंका आली तर तो वापरू नका. हँगर मागून पाहा. रोटर फिरवून पाहा, पॅडला घासत असेल तर वाकलाय. आणि दुसऱ्या शर्यतीत डिरेलर आऱ्यांत गेला होता, तेव्हा कॅसेटच्या मागच्या बाजूचे आरे एकेक करून बघा. ज्यांना खोल ओरखडा पडलाय ते आत्ता नाही, पण पुढे कधीतरी तुटू शकतात, म्हणून ते तेवढे आत्ताच बदलून चाक सरळ करून घ्या.